फलक लावून झाला, आता देखभालीचे बोला

मार्च उजाडला की गोव्यातल्या सरकारी शाळांच्या आवारात टेम्पो येऊ लागतात. बाके येतात, दप्तरे येतात, पाणी शुद्ध करणारी यंत्रे येतात, एखाद्या नशीबवान शाळेत स्मार्ट बोर्ड येतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, मुले रांगेत उभी राहून हसतात आणि कंपनीच्या वार्षिक अहवालाला एक फोटो मिळतो. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते. त्याआधी खर्च दाखवला नाही आणि तो अनेक वर्षांच्या प्रकल्पाचा भाग नसला, तर उरलेली रक्कम कायद्याने ठरवून दिलेल्या सरकारी निधीत भरावी लागते. त्यामुळे शिमग्याच्या आगेमागे गोव्यात दातृत्वालाही भरती येते.

कायदा थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व म्हणतात. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. 2022-23 मध्ये देशभरातल्या कंपन्यांनी या खात्यावर सुमारे 30 हजार कोटी रुपये खर्च केले. रक्कम लहान नाही. ती कशावर खर्च होते, याबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी गोव्यापुरती मांडतो.

गोव्याला नव्या वस्तूंची ददात नाही, ददात आहे ती वस्तू चालू ठेवणाऱ्याची. आपल्याकडे बांधलेले पुष्कळ आहे. शाळा आहेत, शौचालये आहेत, टाक्या आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत. मोडलेले दुरुस्त करायला, वंगण घालायला, फिल्टर बदलायला कोणी नाही. आणि हे काम ज्यांच्या हाडीमाशी खिळले आहे ती माणसे वेर्ण्याच्या, कुंडईच्या, मडकईच्या, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत बसलेली आहेत. कुठल्याही बऱ्या कारखान्यात मेंटेनन्स खाते असते. यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता ठरल्या तारखेला ते तपासायचे, सुटे भाग हाताशी ठेवायचे, बंद पडलेच तर किती तास बंद होते ते रजिस्टरवर लिहायचे, हा तिथला रोजचा धर्म. हीच कंपनी गेटाबाहेर दान करायला निघाली की हे सगळे ज्ञान आत ठेवून येते आणि रोपट्यासोबत सेल्फी काढून परत जाते. पावसाळा संपल्यावर त्या रोपट्याला पाणी कोण घालतो, हे रजिस्टरवर नसते.

गोव्यातल्या कंपन्यांना देण्याची सवय दिल्लीच्या कायद्याने लागलेली नाही. खाणमालकांच्या घराण्यांनी इथे महाविद्यालये उभी केली. मडगावचे चौगुले महाविद्यालय 1962 चे, पणजीचे धेंपो वाणिज्य महाविद्यालय 1966 चे. फुटबॉलचे संघ त्यांनीच पोसले. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. त्यांच्या राजवटीत गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, बहुतेक मराठी, आणि बहुजनांची एक पिढी त्या शाळांतून शिकून बाहेर पडली. गावच्या जत्रेला नाटक बसवायचे तर पहिला फोन खाण कंपनीच्या कचेरीत जायचा. त्या पैशांवर कितीतरी उत्सवी नाटके रंगली, देवळांचे सभामंडप उठले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण त्याच वर्षांत सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांतल्या शेतांत खाणीची लाल माती उतरत होती. पिसुर्लेतली शेती गाळाखाली गेली. शिरगावच्या विहिरी आटल्या. 2017 साली सोनशीच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी खनिजाचे ट्रक अडवले, तेव्हा त्यांच्या वाट्याला कोठडी आली. सभामंडप मिळाला म्हणून गावाने विहिरीचे विचारायचे नाही, असा अलिखित करार होता. 2012 मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे परत सुरू झालेले काम 2018 च्या निवाड्यानंतर त्या वर्षीच्या मार्चमध्ये पुन्हा थांबले. तेव्हा देणग्याही आटल्या, आणि उरले काय ते दिसले. जिथे चालवणारी कायमची संस्था होती, शिक्षक होते, पगाराची सोय होती, ते टिकले. महाविद्यालये आजही भरतात. जे एकदाच देऊन टाकले होते, त्याची नावनिशाणी शोधावी लागते.

म्हणून आजच्या कंपन्यांना पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की, स्वतः केलेली घाण निस्तरणे हे सामाजिक दायित्वाच्या खात्यात धरू नका. नियमही तेच सांगतात. जे करणे कोणत्याही कायद्याने तुमच्यावर बंधनकारकच आहे, ते दोन टक्क्यांत मोजता येत नाही. कुंकळ्ळी औद्योगिक वसाहतीभोवतीची माणसे मासळीच्या कारखान्यांच्या दुर्गंधीबद्दल आणि बिघडलेल्या भूजलाबद्दल वर्षानुवर्षे ओरडत आली आहेत. तिथे सांडपाणी नीट शुद्ध करून सोडणे हा कुणाचा उपकार नाही. खाणपट्ट्यात आणखी एक घोळ घातला जातो. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा 2015 च्या कायदादुरुस्तीने आलेला, खाणग्रस्तांच्या हक्काचा. त्यातून झालेल्या कामावर कंपनीचे गोडवे गायले जातात तेव्हा गावकऱ्यांनी तिथल्या तिथे हटकायला हवे.

आता देखभालीकडे वळतो. सत्तरीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत व्हरांड्याच्या भिंतीवर पाणी शुद्ध करायची दोन यंत्रे शेजारी शेजारी टांगलेली पाहिली. दोन निरनिराळ्या दात्यांची, दोन निरनिराळ्या सालांची. दोन्हींवर स्टीलची पाटी, घासूनपुसून लख्ख. दोन्ही बंद. एकाचा अडॅप्टर विजेच्या चढउतारात जळला होता, दुसऱ्याचे फिल्टर गाळाने चोंदले होते आणि नवीन घ्यायला शाळेकडे त्या नावाची तरतूदच नव्हती. मुले घरून बाटल्या आणत होती. मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, कोणी तिसरे द्यायला निघाला असेल तर नको म्हणून सांगा. त्यापेक्षा वर्षातून तीनदा एक माणूस पाठवा."

त्या यंत्रांतले एक आर.ओ., म्हणजे पाण्यातले क्षार काढणारे होते, हे पाहून मला हसू आले. जांभ्या दगडातून झिरपलेल्या आमच्या डोंगरभागातल्या विहिरींच्या पाण्यात क्षार मुळात कमी. त्रास असतो तो गाळाचा, जंतूंचा आणि काही ठिकाणी लोहाचा. तिथे साधी गाळणी आणि जंतुनाशक दिवा पुरतो. आर.ओ. यंत्र निम्म्याहून अधिक पाणी वाया घालवते आणि महागडे फिल्टर मागते. पण मुंबईच्या मुख्य कचेरीत कुणीतरी पाचशे यंत्रांची एकगठ्ठा ऑर्डर दिली, त्यातली चार सत्तरीत आली. पाण्याची चाचणी करायला काही शेकड्यांत खर्च आला असता.

हिशेब करून पाहू. ज्या कंपनीचा सरासरी नफा कायद्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे 5 कोटी आहे, तिचे दोन टक्के म्हणजे 10 लाख रुपये. एवढ्यात सभागृह होत नाही. पण आयटीआय शिकलेली दोन मुले, एक फिटर आणि एक वायरमन, प्रत्येकी महिना 25 हजार रुपये पगारावर ठेवली तर वर्षाला 6 लाख होतात. उरलेल्या 4 लाखांत सुटे भाग आणि गाडीचे पेट्रोल. हे दोघे मिळून तालुक्यातल्या पंचवीस-तीस शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य उपकेंद्रे ठरल्या तारखांना फिरतील. पंप, नळ, फ्लश, पंखे, फिल्टर, छपराची गळती, एवढेच त्यांचे राज्य. आणि हे पगार चालतात का, अशी शंका अनेक कंपन्यांचे हिशेबनीस काढतात. चालतात. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कचेरीच्या खर्चावर. एखाद्या प्रकल्पात प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. चालू प्रकल्प म्हणून संचालक मंडळाने ठराव केला तर सुरुवातीचे वर्ष आणि पुढची तीन, अशी चार वर्षे तो चालवता येतो. खर्च न झालेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढे वापरता येते, मार्चची धावपळ करावी लागत नाही. कायद्यात सोय आहे. ती वापरायला लागणारा कंटाळा तेवढा झटकायला हवा.

कायद्याची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. कंपनीच्या इंजिनिअरने शनिवारी जाऊन शाळेचा पंप दुरुस्त केला तर त्याच्या वेळेची किंमत दोन टक्क्यांत धरता येत नाही. खर्च रोख झालेला हवा, श्रम किंवा वस्तू पैशांत रूपांतरित करून दाखवायच्या नाहीत, असे केंद्र सरकारचे स्पष्टीकरण आहे. त्यामागचे कारण समजते. नाहीतर प्रत्येक कंपनीने आपल्या व्यवस्थापकांच्या अर्ध्या दिवसाची किंमत लाखांत लावली असती. पण परिणाम असा की कंपनीकडे जी सर्वांत दुर्मिळ चीज आहे, ती हिशेबात शून्य, आणि बाजारात कुणालाही विकत मिळणारी दप्तरे मात्र पूर्ण रकमेने मोजली जातात. माझे म्हणणे असे की ज्यांना खरेच काही करायचे आहे त्यांनी हे शून्य मुकाट्याने पत्करावे. दोन टक्के पैसा आणि त्यावर मेंटेनन्स खात्याचे डोके. त्या दोन पोरांना कामाचे वेळापत्रक बनवून देणे, रजिस्टर तपासणे, सुटे भाग घाऊक दरात आणून देणे, हे कारखान्यातल्या एका सुपरवायझरला डाव्या हाताचे काम आहे.

यापेक्षा मोठे काम पठाराच्या पायथ्याशी पडले आहे. मडकईला जा. वर औद्योगिक वसाहत, खाली जुवारीच्या काठाने खाजने. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली, बांधाच्या आड पिकवलेली जमीन. गोव्याच्या पूर्वजांनी ही जमीन समुद्राकडून हिसकावून घेतली. बांध चिखलामातीचा, बाहेरून जांभ्याने बांधलेला. मध्ये मानस, म्हणजे लाकडी दारांचे तोंड. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. वीज नाही, मोटर नाही. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारवट माती सोसणारे भात, बाकी दिवसांत मासळी. पण हे यंत्र आहे, आणि यंत्राला हात लागतो. खेकडे बांधाला भोके पाडतात. फळ्या कुजतात. एका भोकातून रात्रीत खारे पाणी आत शिरले की शेते काही वर्षांसाठी हातची जातात.

पूर्वी हे काम गावकारी, म्हणजे गावची जुनी सामुदायिक संस्था बघायची. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव व्हायचा आणि त्या पैशांतून बांध राखला जायचा. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कूळ संघांकडे आली. काही संघ नेटाने काम करतात, पुष्कळ कागदावर उरले. मासळीचा भाव वाढला तसा मानस घेणाऱ्यालाच खारे पाणी आत हवेसे झाले. सरकारचा मृद संधारण विभाग बांध दुरुस्त करतो, पण तो बहुधा फुटल्यावर. फाईल फिरून येईपर्यंत पावसाळा येतो. आता ज्या पठारावर वर्षाचे 365 दिवस व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि पंप सांभाळणारी माणसे आहेत, त्यांनी खालच्या चार मानशींच्या फळ्यांची यादी करावी, कुठली कधी बदलायची ते लिहावे, दर पंधरवड्याला एक माणूस बांधावरून चालवावा. माती, पाणी आणि नैसर्गिक संपत्तीचे रक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेले आहे. ग्रामविकासही आहे. कूळ संघाच्या हातात थेट पैसे देणे अडचणीचे, कारण काम करवून घेणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते. पण कंपनीला स्वतः काम करता येते आणि उभी राहिलेली मालमत्ता लाभार्थींच्या समूहाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावे ठेवता येते. मानशीचे दार कुठल्या लाकडाचे हवे ते विचारायला मात्र गावातल्या जुन्या सुताराकडेच जा. तिथे सल्लागार कंपनी नेमलीत तर दार स्टीलचे येईल, गंजेल, आणि शेजारी एक पाटी राहील.

हे कोण ठरवणार, हा गोव्यातला खरा अडसर आहे. वेर्ण्यात कारखाना असलेल्या कित्येक कंपन्यांची कचेरी मुंबईत वा त्याहून दूर. आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा म्हणतो, पण ते मार्गदर्शन आहे, सक्ती नाही. इथल्या व्यवस्थापकाला दहा हजारांच्या देणगीसाठीही वर ईमेल करावा लागतो. मुख्य कचेरीने एवढे केले तरी पुष्कळ: गोव्यातल्या कारखान्यावर जेवढा नफा झाला, त्यातला ठरावीक वाटा इथल्या व्यवस्थापकाच्या सहीने खर्च होऊ द्यावा. आणि त्या व्यवस्थापकाने रविवारच्या ग्रामसभेत जाऊन मागे बसावे. आज कंपनीचा माणूस पंचायतीत दिसतो तो ना हरकत दाखला हवा असेल तेव्हाच, त्यामुळे त्याला पाहिले की लोकांची डोकी तापतात. चार ग्रामसभा नुसत्या ऐकल्या तरी कुठल्या वाड्यावर पाणी येत नाही, कुठली बस बंद झाली, माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या महिलांच्या बचतगटाची बिले किती महिने अडली आहेत, सगळे कळते. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचे शुल्क वाचते.

कायद्याच्या उंबरठ्याखालच्या लहान कारखान्यांना, आणि गोव्यात बहुतांश तसेच आहेत, दोन टक्क्यांची सक्ती नाही. त्यांनी दान करू नये, असेच मी म्हणेन. वेळेवर पगार द्यावा, कंत्राटी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी भरावा, गावातल्या चार पोरांना उमेदवार म्हणून घेऊन खरोखर काम शिकवावे. मोठ्या कंपन्यांसाठी याच जातीचे एक काम आहे: लहान पुरवठादाराचे बिल 45 दिवसांत चुकते करा. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि आता उशीर केला तर आयकरातही चिमटा बसतो. तरीही कुंडईतल्या एखाद्या लहान फॅब्रिकेटरला विचारून पाहा, त्याच्या वहीत कोणाची किती बाकी आहे ती. त्याचे पैसे अडकवून ठेवून त्याच्याच मुलाच्या शाळेला बाके देणाऱ्यांना काय म्हणावे!

माझ्या सूचनेवर एक आक्षेप वजनदार आहे. बांध कंपनीने राखला, शाळेचा नळ कंपनीने चालू ठेवला, तर उद्या त्याच कंपनीच्या नाल्यातून काळे पाणी आले की गाव बोलेल कसा? खाणपट्ट्यात नेमके हेच झाले, ते वर लिहिलेच आहे. याला पुरता उपाय नाही, पण धार कमी करता येते. एकट्या कंपनीने गावात पाय रोवण्याऐवजी वसाहतीतल्या पाच-सहा कंपन्यांनी मिळून एक पथक चालवावे. नियमांनुसार कंपन्या एकत्र येऊन प्रकल्प करू शकतात, हिशेब मात्र प्रत्येकीने वेगळा द्यायचा. पथकाच्या गाडीवर कुणाचेही नाव नको. पाच जणांचे मिळून दिलेले असले की कुणा एकाचे मिंधेपण येत नाही. दुसरा आक्षेप, हे सरकारचे काम आहे, कंपन्या का करतील? आहेच सरकारचे. म्हणून शिक्षकाची, नर्सची जागा कंपनीने भरू नये, सरकारला हात झटकायला ते निमित्त मिळते. नळाचा वॉशर बदलल्याने कुठलेही सरकार बेजबाबदार होत नाही.

संचालक मंडळाला आकडे लागतात हेही खरे. मग तेच रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवा. किती यंत्रे दिली हा रकाना काढून टाका. त्या शाळेत महिन्यातले किती दिवस पिण्याचे पाणी होते, शौचालयाचे दार किती दिवस लागत नव्हते, मानस किती दिवस गळत होती, हे लिहा. कारखान्यात यंत्र बंद पडलेल्या तासांचा जाब विचारतात तसा विचारा. वर्षाला सरासरी 10 कोटी वा त्याहून जास्त सीएसआर असलेल्या कंपन्यांना मोठ्या प्रकल्पांचे परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागतात. लहानांना एक वही पुरे.

राहता राहिले वेळापत्रक. बांधाचे काम पाऊस ओसरल्यावर सुरू होते आणि मेअखेर मिटवावे लागते. चिखल बसायला, सुकायला वेळ लागतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर झालेला पैसा हाती येईपर्यंत मजूर मिळत नाहीत आणि मग आकाश भरून येते. तेव्हा ठराव चतुर्थी आटोपली की सप्टेंबरातच करा, ऑक्टोबरात बांधावरून चालून फुटलेल्या जागा मोजा, लाकूड नोव्हेंबरात आणा. मार्चमध्ये फोटो काढायला कोणी आलेच, तर त्याला दाखवायला फक्त एक ओला बांध असेल, आणि तो फोटोत फारसा खुलत नाही.